सूट तिजोरीला नाय

आपली पतपेढी म्हणजे काय? गोदीतल्या पगारातून महिन्याला कापलेला आपलाच पैसा. लेकीच्या लग्नाला, म्हातारीच्या ऑपरेशनला तोच कर्ज म्हणून मिळतो. व्याज देणारे आपण, घेणारेही आपणच. म्हणून 1961च्या आयकर कायद्यातल्या 80पी कलमानं या कमाईला सूट दिली. 2006 साली सहकारी बँकांची सूट काढली. मग पतसंस्थांनाही त्याच मापानं मोजायला लागले. शेवटी 2021 साली केरळच्या मावीलायी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सभासदांना कर्ज देणाऱ्या पतसंस्थेची सूट कायम आहे.

ही मेहेरबानी नाय, दोस्तांनो. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात टाकला, तर कर कसला?

पण आपले संचालक शिल्लक बँकेत टाकून निवांत बसतात. कर्नाटकातल्या टोटगार्स खटल्यात 2010 साली त्याच न्यायालयानं ठरवलं होतं, बिनकामाचा पैसा ठेवीत टाकून मिळवलेल्या व्याजाला ही सूट नाही. आणि आपल्या शेजारी माल उचलणारा कंत्राटी पोरगा? त्याला सभासदत्व नाही, म्हणून कर्ज नाही. तो शेकडा दहानं सावकाराच्या दारात. सावकाराकडे ना पावती, ना कर.

संचालक म्हणतील, कंत्राटदार हप्ता कापून देणार नाही. मग रोखीनं घ्या! पोटनियम आड आला तर बदला. येत्या सर्वसाधारण सभेत हाच ठराव मांडा. कायद्यानं सूट दिली ती आपल्या एकमेकांच्या आधाराला. त्या आधाराबाहेर आपलाच माणूस उभा असेल, तर सूट कुठल्या तोंडानं मागायची?