छावणीचा बाजार गुरुवारी, सरकारचा रोज

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. कोणीही यावं, जागा धरावी, माल मांडावा. जागा मिळाली म्हणजे माल खपला असं नसतं, हे तिथल्या भाजीवालीला कोणी शिकवावं लागत नाही. सरकारला माल विकायला निघालेल्या लघुउद्योजकांना मात्र ही गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते.

या छावणीत मोठं गिऱ्हाईक राहतं. लष्कर आहे, कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. खुर्च्या, कपाटं, झाडू, पाण्याच्या टाक्या, पथदिवे, सफाईची कामं, अशी त्यांची गरज संपत नाही. नगर रोडनं थोडं पुढे गेलं की वाळूज एमआयडीसी. तिथल्या शेडमध्ये पत्रा वाकतो, प्लास्टिक साच्यात ओतलं जातं, पावडर कोटिंग होतं. तरीही छावणीत येणारं कपाट लुधियानाहून किंवा कोईम्बतूरहून येऊ शकतं, आणि त्यात बेकायदा काहीच नसतं.

पूर्वी सरकारी खरेदीची यादी कुलपात असायची. केंद्राचं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय दर करार करायचं. करारात ज्याचं नाव, त्याचाच माल, आणि मुदत संपेपर्यंत नवा माणूस दाराबाहेर. हे महासंचालनालय 31 ऑक्टोबर 2017 रोजी बंद झालं. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट 2016 मध्ये, गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस म्हणजे ‘जेम’ सुरू झालं होतं. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम 149 नं केंद्रीय कार्यालयांना तिथे मिळणारा माल तिथूनच घेणं बंधनकारक केलं. या यादीत वर्षाच्या कोणत्याही दिवशी नाव घालता येतं.  उलाढालही लहान नाही. 2023-24 मध्ये जेमवरची खरेदी चार लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली.

गडबड इथेच होते. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी झाली, जेमवर खातं उघडलं, की मालक निवांत बसतो आणि ऑर्डरची वाट पाहतो. दुकानाची पाटी लावली, पण फळीवर माल नाही, अशातली गत. छोट्या रकमेची खरेदी अधिकारी थेट करू शकतो. त्याहून मोठी, पण बोलीच्या मर्यादेखालची खरेदी किमान तीन उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत स्वस्त माल देणाऱ्याकडून होते, आणि ही तुलना पडद्यावर दिसणाऱ्या मालाचीच होते. ज्यानं माल पोचवण्याच्या ठिकाणांत छावणीचा पिनकोडच घेतलेला नाही, ज्याच्या कपाटाच्या पत्र्याची जाडी भरलेली नाही, ज्याचा साठा शून्य दिसतो, तो त्या तुलनेत नसतोच. वाळूजच्या माणसाकडे वाहतूक खर्चाची चांगली सवलत आहे. ती दरात उतरली पाहिजे, आणि दर वेळोवेळी तपासला पाहिजे.

उत्पादकाच्या हातात आणखी एक पत्ता आहे. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. बयाणा रक्कम माफ. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि लघु उत्पादकाचा दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर मोठ्या कंपनीचा दर मान्य करून मागणीतला काही हिस्सा त्याला मिळू शकतो. पण ही सवलत उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. गुलमंडीवरच्या व्यापाऱ्याकडेही 2021 पासून उद्यम प्रमाणपत्र असू शकतं. त्याला त्याचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता. निविदेत तेच प्रमाणपत्र जोडून सवलत मागितली की बोली अडते. मग दोष ‘सेटिंग’ला दिला जातो.

सेटिंग नसतंच, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ते बहुतेक वेळा अतिरिक्त अटींत लपलेलं असतं. अमुकच संस्थेला माल दिल्याचा अनुभव हवा, बोलीबरोबर नमुना आणून द्या, कागद प्रत्यक्ष कार्यालयात जमा करा. गंमत म्हणजे जेमच्या प्रत्येक बोलीच्या शेवटी अशा अटी निरर्थक समजाव्यात, असं छापलेलंच असतं. शेवटचं पान वाचतं कोण? ज्यानं वाचलं, त्यानं बोली प्रसिद्ध झाल्यापासून चार दिवसांत पोर्टलवर लेखी हरकत घ्यावी. तांत्रिक छाननीत नाव उडालं तर उत्तर द्यायला फार तर दोन-चार दिवस मिळतात. पोर्टल आठवड्यातून एकदा उघडणाऱ्याच्या हातून ते सहज निसटतात.

शुल्काची भीतीही आता जुनी झाली. ऑगस्ट 2024 पासून दहा लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेम व्यवहार शुल्क घेत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. सरकार पैसे बुडवत नाही, पण उशीर करतं, ही तक्रार खोटी नाही. माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघाल्यावर दहा दिवसांत पैसे द्यावेत, असा जेमचा नियम आहे. घोडं त्या प्रमाणपत्रापाशीच पेंड खातं. माल उतरतो, सही होत नाही. म्हणून शहाणा पुरवठादार टेम्पोबरोबर माणूस पाठवतो, माल मोजून देतो, पोच त्याच दिवशी घेतो. तरीही पैसे अडलेच, तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. तो 45 दिवसांपलीकडे मुदत देत नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं, आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. खाजगी कारखान्याच्या बाबतीत ही भीती समजू शकते. जेमवर मात्र पुढची ऑर्डर अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा दरावर ठरते.

छावणीचा नागरी भाग महापालिकेला जोडण्याच्या हालचाली सुरू आहेत. तसं झालं तर पथदिव्यांचा आणि झाडूंचा खरेदीदार बदलेल. जेम महापालिकांनाही खुलं असल्यानं वाळूजच्या उत्पादकाला त्यासाठी नवं खातं उघडावं लागणार नाही.