संशय घ्याच

धाराशिवचा ठेवीदार बँकवाल्याकडे संशयाने पाहतो, याचं नवल वाटू नये. २००२ मध्ये ‘होम ट्रेड’ या दलाली कंपनीचं प्रकरण फुटलं, तेव्हा नागपूर-वर्ध्याच्या बँकांबरोबर इथली उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती बँकही त्यात अडकली. सरकारी रोख्यांपोटी बँकांनी कोट्यवधी मोजले. रोखे काही हाती आले नाहीत. कंपनीच्या जाहिरातींत सचिन आणि शाहरुख झळकत होते, हे खरं. पण रोखे कुठे आहेत, हे विचारायला संचालक मंडळ होतं ना! नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी.

जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्याच वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. तिथे निदान पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा होता. हे कवच पतसंस्थांना नाही. बीडच्या ‘ज्ञानराधा’ मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीदारांना ते फार उशिरा, पैसे अडकल्यावर कळलं.

लोकांचा अविश्वास आम्हाला मुळीच खटकत नाही. खटकतो तो जादा टक्क्याचा मोह. वाचकहो, आज घरातली पावती काढून पाहा: ठेव बँकेत आहे की मल्टिस्टेटमध्ये? आणि ओळखीच्या एजंटालाही बेधडक विचारा, विमा आहे का?