अर्धा वाटा फक्त प्राप्तिकरापुरताच?

पेडणे-डिचोलीतील आपल्या जुन्या घराण्यांत कुणाचा घटस्फोट ठरला की वडीलधारे एकच तोडगा सुचवतात: मुलीचे दागिने परत द्या आणि विषय मिटवा. आम्ही विचारतो, दागिनेच का?

लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात पतिपत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून हे चालत आले आहे. काही अपवाद सोडल्यास लग्नापूर्वीची आणि वारशाने आलेली मालमत्ताही त्यात येते. घटस्फोटानंतर तिचे दोन वाटे व्हायला हवेत. हा पाखल्यांचा कायदा म्हणून नाक मुरडणारे समाजबांधव प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना मात्र त्याच कायद्याच्या आधाराने घरभाडे आणि बँकेचे व्याज पत्नीच्या नावे निम्मे दाखवतात! (पगाराला ही सवलत नाही, हे आम्हा नोकरदारांना चांगलेच ठाऊक आहे.) जमीन विकताना तिची सही लागते, ती घ्यायलाही कुणी विसरत नाही.

मग वाटणीच्या वेळी उत्तर येते, ‘त्याच्या नावावर काहीच नाही, सगळे आजोबांच्या नावावर.’ आजोबा आणि वडील दोघेही वारून वर्षे लोटली, पण इन्व्हेंटरी मुद्दाम केलेली नसते. अशा मुलाचा कुळागरातील अविभक्त हिस्सा हीसुद्धा मालमत्ताच आहे. मुलीच्या माहेरच्यांनी दागिन्यांची यादी करण्याआधी एक-चौदाचे उतारे काढावेत, वकील गाठावा आणि तोवर कोऱ्या स्टँप पेपरवर तिला सही करू देऊ नये.