नकलेची खातरजमा

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि उपनगरांतील कित्येक तळमजल्यांवरचीं कागदपत्रें व छायाचित्रें पाण्याखालीं गेलीं. तेव्हांपासून घरच्या ठेव्याची एक नक्कल घाटकोपरास, तर दुसरी बोरिवलीस असावी, असें आम्ही सांगत आलों आहों. परंतु नक्कल असणें निराळें आणि ती मुळाबरहुकूम असणें निराळें.

आमच्या परिचयाच्या मुलुंडच्या एका गृहस्थांजवळ त्यांच्या दिवंगत वडिलांनीं केलेल्या ऋग्वेदाच्या पहिल्या अष्टकाच्या पठणाचें चलच्चित्र आहे. फाइल एकच, पण ६० गिगाबाइटांची! त्यांच्या कन्येनें ती पायथन भाषेंतून दुसऱ्या डिस्कवर उतरविली. तिची रीत वाचकांस सांगण्याजोगी आहे.

पायथनच्या 'शुटिल' ह्या संचांत नकलेची तयार आज्ञा आहे, पण ती मुकाट्यानें काम करते. अर्धा तास पडदा स्तब्ध राहिला म्हणजे काम चाललें आहे कीं अडलें आहे हें कळत नाहीं, आणि उतावळा मनुष्य मध्येंच तार उपटतो. म्हणून हिनें ८-८ मेगाबाइटांचे घास घेतले व प्रत्येक घासागणिक शेंकडा किती काम झालें तें पडद्यावर दाखविलें. तत्पूर्वीं दुसऱ्या डिस्कवरील मोकळी जागा मोजली. ती फॅट-३२ पद्धतीची नाहीं हेंहि पाहिलें, कारण त्या पद्धतींत ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल मावतच नाहीं. नकलेस आरंभीं तात्पुरतें नांव दिलें. वीज गेलीच तर अर्धवट नक्कल पुरी म्हणून मिरवूं नये, हा हेतु.

खरी मौज पुढेंच आहे. पोथी उतरणारे लेखक शेवटीं लिहीत कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष आम्हांस देऊं नये. संगणकाची 'झालें' ही ग्वाहीहि त्याच तोलाची! पोथीचें पुढें शोधन होई आणि चुकल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावीत. आपला 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथलाच. वैदिकांनीं तर घनपाठांत पदें १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशीं गुंफलीं. एक पद ढळलें कीं सांधा बसत नाहीं. फाइलींच्या बाबतींत हें काम 'शा-२५६' करतें. सगळ्या बाइटांवरून ६४ अंकाक्षरांची एक मुद्रा निघते, आणि एक बिट बदलला तरी ती पार पालटते. पायथनच्या 'हॅशलिब' संचांतून ती काढतां येते.

येथें एक खोंच आहे. नक्कल होतांच तपासली तर संगणक ती पुष्कळदां डिस्कवरून न वाचतां आपल्या स्मृतींतूनच वाचतो. म्हणजे परीक्षार्थ्यानें स्वतःचाच पेपर तपासावा तसें! यास्तव तिनें 'एफ्सिंक' आज्ञेनें लेखन डिस्कपर्यंत पोंचविलें, डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडली, मग मुद्रा काढली. दोन्ही जुळल्यावर नकलेस खरें नांव मिळालें.

मात्र मूळ फाइलच आधीं बिघडलेली असेल, तर मुद्रा तें सांगत नाहीं. तेवढ्यासाठीं गृहस्थ रोज सायंकाळीं नकलेवरून एक अध्याय ऐकतात. आजपावेतों पांच झाले. तीन उरले आहेत.