दुबईचा करार, रायपूरचा कागद

छत्तीसगडच्या राजकारणात 'महादेव' ॲपचे नाव निघाले की सत्ताधारी आणि विरोधक दोघेही तत्काळ रणांगणात उतरतात. नोव्हेंबर 2023च्या विधानसभा निवडणुकीत पहिल्या टप्प्याच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना केंद्राने या सट्टा ॲपसह 22 ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. राज्याने बंदीची शिफारसच केली नव्हती, असा ठपका केंद्राने ठेवला. तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या पक्षाने तो झुगारला. सरकार बदलले, ऑगस्ट 2024मध्ये तपास सीबीआयकडे गेला. मात्र या हमरीतुमरीत एका प्रश्नाकडे सर्वांनी सोयीस्कर पाठ फिरविली. ज्यांनी हे साम्राज्य दुबईतून उभे केल्याचा आरोप आहे, ते भिलाईचे सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल रायपूरच्या विशेष न्यायालयापुढे उभे कधी राहणार?

करार नाही, अशी सबब येथे चालणार नाही. भारत आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात प्रत्यार्पण करार झाला तो ऑक्टोबर 1999मध्ये. फौजदारी प्रकरणांत परस्पर साह्याचा करारही त्याच सुमाराचा. मैत्रीही आटलेली नाही. ऑगस्ट 2015च्या पंतप्रधानांच्या अबू धाबी भेटीनंतर ती वाढतच गेली आणि डिसेंबर 2018मध्ये ऑगस्टा वेस्टलँड प्रकरणातील ख्रिश्चन मिशेल अमिरातीने भारताच्या हवाली केला.

अडते ते कागदावर. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे आणि त्यास किमान वर्षभराच्या कैदेची तरतूद असावी, अशी कराराची अट आहे. आपल्याकडे जुगार हा राज्यांचा विषय. ज्या 1867च्या कायद्यावर देशातील पोलीस पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहिले, त्यात जुगाराचा अड्डा चालविणाऱ्यास मुळात तीन महिन्यांची कैद होती. अशा कलमावर दुबईचे दार कोण उघडणार? छत्तीसगडने ऑनलाइन जुगारासाठी कठोर कायदा केला तो 2022चा, म्हणजे हा व्यवसाय फोफावल्यानंतर. साहजिकच सारा भार फसवणूक आणि काळा पैसा पांढरा करण्याच्या आरोपांवर येतो. ते आरोप पुराव्यानिशी मांडून, न्यायालयाचे वॉरंट जोडून, अरबी भाषांतरासह गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांच्या टेबलांवरून पाठवावे लागतात. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे प्रत्यार्पण नव्हे. ती फार तर आरोपीला काही काळ थोपवून धरते.

डिसेंबर 2023मध्ये उप्पल दुबईत ताब्यात घेतला गेल्याची बातमी आली, तेव्हा रायपुरात श्रेयाची घाई झाली. नोव्हेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला तोवर तो अमिरातीतून निसटला होता. न्यायालयाला त्याचा माग काढण्याचे आदेश सक्तवसुली संचालनालयाला द्यावे लागले. या दोन तारखांमध्ये कोणत्या टेबलावर किती दिवस गेले, याचा हिशेब ना विधानसभेत कोणी नेटाने मागितला, ना संसदेत.

घाईघाईने आरोपी आणून भागत नाही, हे मुंबईने अबू सालेमच्या रूपाने अनुभवले आहे. त्यास फाशी अथवा 25 वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर 2002मध्ये पोर्तुगालला दिली. 2005मध्ये तो आला. पुढे ठरलेल्याहून जादा कलमे लावल्याचे दिसताच लिस्बनच्या न्यायालयाने 2011मध्ये प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरविली. शेवटी जुलै 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 25 वर्षांची हमी सरकारवर बंधनकारक असल्याचे सांगितले. ज्या गुन्ह्यासाठी आरोपी मागितला, त्याच गुन्ह्याचा खटला चालवावा, हा नियम भारताच्या 1962च्या कायद्यातही आहे. म्हणून दुर्ग-भिलाईच्या ठाण्यांतील गुन्हे, संचालनालयाची तक्रार आणि सीबीआयचा तपास यांची सांगड मागणीपत्र जाण्यापूर्वीच बसली पाहिजे. तीन यंत्रणांची तीन तोंडे दुबईतील बचावाच्या वकिलास पुरेशी आहेत.

दिवाणी बाजूस काम झाले, हे विशेष. जानेवारी 2020च्या एका अधिसूचनेने अमिरातीच्या न्यायालयांचे हुकूमनामे भारतात थेट अंमलबजावणीस पात्र ठरले. दुबईतील बँकांचे कर्ज बुडवून परतलेल्यांना त्याची झळ बसू शकते. कर्जदाराला गाठण्याची वाट अशी सरळ झाली असताना, भाड्याने दिलेल्या बँक खात्यांपायी चौकशीच्या फेऱ्यात सापडलेली भिलाईची पोरे मात्र रायपूरच्या न्यायालयात तारखा मोजत आहेत.