बॉनेटखालचं निवडणं-टिपणं

गाडीचं बॉनेट उघडलं, की बायकांनी दोन पावलं मागे सरकायचं, असं आपल्याकडे जणू ठरूनच गेलंय. पुरुष मंडळी भोवती कोंडाळं करतात, आत डोकावतात, गंभीरपणे 'हं' म्हणतात. आपण चहा टाकायला आत जातो. गाडी आपल्या नावावर असली, हप्ते आपल्या पगारातून जात असले, तरीही! महिनाभर ड्रायव्हिंग क्लासला जाऊन आपण क्लच-गिअर शिकतो, पण मैत्रिणींनो, बॉनेटचा खटका कुठे असतो हे तिथे किती जणींना दाखवलं होतं? मला वाटतं, हे बदलायलाच हवं. त्यासाठी इंजिनिअर व्हायची गरज नाही. तांदूळ निवडताना खडा कोणता आणि कणी कोणती हे जिला कळतं, तिला बॉनेटखालचंही बरंचसं वाचता येतं.

हे सगळं डोक्यात आलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. आमचे थोरले दीर तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे राहिली त्यांची लाडकी सॅन स्टॉर्म. नाव अनेकींनी ऐकलंही नसेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली ही छोटी स्पोर्ट्स कार. दोनच माणसं बसणार. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचं, १.२ लिटरचं. आमचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याची हद्द जवळच, तेव्हा दिरांनी ती जुनी विकत घेतली आणि पोरीसारखी सांभाळली. ते गेल्यावर गाडी मांगरात गेली, ताडपत्रीखाली, भाताच्या पोत्यांच्या शेजारी.

गेल्या पावसाळ्यानंतर वहिनींनी ती विकायचं मनावर घेतलं. ओळखीतल्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. बॉनेट उघडलं तर इंजिनवर, बॅटरीभोवती, कोपऱ्या-कोपऱ्यांत नुसता कचरा. काळा भुसा, तपकिरी पापुद्रे, कापसासारखे पुंजके, काळे दाणे. त्याने हात न लावता सांगून टाकलं, "इंजिनात कचरा झालाय. इंजिन उतरवायला लागेल, फार खर्च आहे. नाहीतर भंगाराच्या भावाने मी घेऊन जातो." आणि हे सांगितलं कोणाला? माझ्या नवऱ्याला! गाडी वहिनींची, कागद त्यांच्या हातात, आणि त्या शेजारी उभ्या. मला खरा राग आला तो त्याचा. वहिनींनी शांतपणे त्याला चहा दिला, 'कळवते' म्हणाल्या, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "अगो, जुनी वर्तमानपत्रं घेऊन ये बघू."

आता जरा 'इंजिनात' या शब्दाकडे बघा. बॉनेटखाली कचरा म्हणजे इंजिनात कचरा नव्हे. स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडलं म्हणजे ते पोटात गेलं असं होतं का? इंजिन ही बंद पेटी असते. बाहेरचं आत जायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे हवेची, आणि तिच्यावर पहारा एअर फिल्टरचा. म्हणून आधी एअर फिल्टरचा डबा उघडायचा. आमच्याकडे डब्यात भाताची तुसं होती, पण फिल्टरचा कागद कुठेही कुरतडलेला नव्हता, त्याच्या पलीकडची बाजू स्वच्छ. मग ऑइलची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा घालून काढायची. ऑइल काळपट असेल तर ते नुसतं जुनं झालंय. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळल्याचा संशय, आणि चमचमती चूर दिसली तर आतलं धातूचं काहीतरी झिजतंय. आमचं फक्त काळं निघालं. निम्मी भीती तिथेच उतरली.

अर्थात हात घालायच्या आधी इंजिन थंडगार हवं आणि चावी काढलेली हवी. गाडी नुकती चालवलेली असेल तर रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही आपोआप फिरू शकतो, तेव्हा पदर खोचलेला, ओढणी बाजूला. आणि बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढूनच ठेवायचं, बरं का. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची बांगडी अडकली तर क्षणात तापून हात भाजतो. हे कोणी आपल्याला सांगतच नाही, कारण आपण तिथे हात घालू असं कोणाला वाटतच नाही!

साफ करायच्या आधी वहिनींनी मोबाइलवर फोटो काढायला लावले. ते फार शहाणपणाचं. काय सापडलं याच्याइतकंच ते कुठे सापडलं हे महत्त्वाचं असतं.

काळा भुसा दोन जातींचा निघाला. एक अगदी हलका, बोटांत चुरला की पीठ होणारा, आणि इंजिनच्या माथ्यावर सगळीकडे पसरलेला. वरून पडलेलं वरच राहणार ना? वर पाहिलं, तर बॉनेटच्या आतल्या बाजूचं स्पंजाचं अस्तर जागोजागी गळलेलं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन स्पंज असा विरतो. दिसायला भयानक, नुकसान मात्र फारसं नाही. दुसरा काळा भुसा थोडासाच, पण चिवट, रबरासारखा, आणि अल्टरनेटरच्या पट्ट्याच्या रेषेतच उडालेला. पट्टा उलटून पाहिला तर आतून तडे. हा भुसा मात्र खरं दुखणं सांगत होता. रबर नुसतं किलोमीटरने झिजत नाही, उभ्या उभ्याही म्हातारं होतं. बाहेरच्या पट्ट्याची ही अवस्था, तर झाकणाआडच्या टायमिंग बेल्टचं वयही तेवढंच असणार. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग खरोखरच इंजिन उतरवायची पाळी येते.

तपकिरी पापुद्र्यांना फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक लावला. टपाटप चिकटले. म्हणजे गंज. बॉडी फायबरची, ती काही गंजणार नाही, मग हे पापुद्रे खालच्या लोखंडी भागांचे. शोधता शोधता सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णता अडवणारा पत्रा सापडला, हात लावताच खपल्या पडत होत्या. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवट भुकटी तर ओळखीचीच असते. तिला उघड्या हाताने शिवायचं नाही. आधी निगेटिव्ह वायर सोडायची, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं.

आणि ते काळे दाणे? वहिनींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ह्या तर उंदराचा काम!" पुंजके म्हणजे पोत्याचे धागे, सीटचा स्पंज आणि चिंध्या. चक्क घरटं, तेही एक्झॉस्टच्या पाइपाला टेकून. त्या गॅरेजवाल्याने किंवा आणखी कोणी 'बघू चालू होते का' म्हणून चावी फिरवली असती, तर पाइप तापल्यावर ते पेटायला किती वेळ लागला असता? घरट्याशेजारी दोन वायरी तांब्यापर्यंत सोललेल्या होत्या.

उंदराची घाण झाडूने कोरडी झाडू नका. आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवा, हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, आणि पुसलेलं सगळं पिशवीत बांधून टाका. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, हातावरची साधी चीरही त्याला पुरते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने काय केलं ते आपण वाचलंय. आमच्या कोकणात पावसाळ्यात हे नाव निघतंच.

सगळेच गॅरेजवाले लबाड असतात असं मी म्हणणार नाही. पण 'कचरा झालाय' हे काही निदान नव्हे. डॉक्टर नुसतं 'आजार झालाय' म्हणाले तर आपण ऐकून घेऊ का? कसला कचरा, कुठून आला, काढलेला पार्ट दाखवा, एवढं विचारायचा हक्क पैसे मोजणाऱ्या बाईला आहे. आणि विचारताना हातात फोटो असले की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तालुक्याच्या गावातल्या एका वयस्कर मेकॅनिककडे आम्ही फोटो आणि कागदाच्या चार पुड्या घेऊन गेलो. पुड्या उघडून त्याने एकेक वस्तू बघितली, वहिनींना चार प्रश्न विचारले, त्यांनाच. त्याने घरी येऊन वायरी बदलल्या, दोन्ही पट्टे, फिल्टर आणि बॅटरी नवी घातली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, ऑइल आणि कूलंट बदललं. इंजिन जागचं हललंही नाही. तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं.

भाताची पोती आता दुसरीकडे हलवली आहेत. पंधरा दिवसांनी पुन्हा बॉनेट उघडलं, तेव्हा नवीन भुसा नव्हता, दाणे नव्हते. विकायची की ठेवायची हे वहिनींचं अजून ठरत नाहीये. पहिल्या गॅरेजवाल्याचा परवा फोन आला होता, भाव थोडा वाढवून देतो म्हणत होता. या वेळी त्याने त्यांच्याशीच बोलायचं म्हटलं.