हाली शिक्का आणि हवाई मैल

जमाखर्च

ज्या बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुटली, आणि जेथील माणसाला विमानात बसावयाचे तर आजही चिकलठाण्याचा किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागतो, त्या जिल्ह्यातील वाचकांपुढे विमान कंपन्यांच्या मैलांचा व हॉटेलांच्या पॉइंटांचा विषय मांडणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु माजलगाव, केज, अंबाजोगाई येथील किती तरी घरांतली मुले आज हिंजवडीत, हैदराबादेत, न्यू जर्सीत नोकरीस आहेत. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेत राहून आलेले निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या सौभाग्यवती तालुक्याच्या गावीही भेटतात. आणि त्या दूरच्या प्रवासात आपल्या नावावर काही हजार मैल जमा होऊ शकले असते, हे मात्र त्यांच्या गावीही नसते. हक्काचा ऐवज अज्ञानामुळे बुडावा हे जितके अनुचित, तितकेच त्या ऐवजाला संपत्ती मानून त्याच्यामागे धावणेही अनुचित, असे माझे मत आहे.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ही प्रथा मोठ्या प्रमाणावर रूढ केली, तेव्हा गिऱ्हाइकाने आपल्यालाच धरून राहावे एवढाच तिचा हेतू होता. पुढे बँका या व्यवहारात उतरल्या. त्या विमान कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि क्रेडिट कार्डाच्या खर्चावर किरकोळीने वाटतात. अशा रीतीने ज्याला आपण बक्षीस समजतो ते वस्तुतः एका खाजगी टांकसाळीतून निघालेले नाणे असते. ते किती पाडावयाचे, त्याला काय मिळावयाचे आणि ते कोणत्या दिवशी निकामी ठरावयाचे, हे सर्व ठरविण्याचा अखत्यार टांकसाळीच्या धन्याकडेच असतो.

मराठवाड्यातील जुन्या माणसांना अशा चलनाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. निजामाच्या अमदानीत येथे हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार; सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार पदरात पडत. आष्टी-पाटोद्याकडील शेतकऱ्याचा माल करोडगिरीचा नाका ओलांडून नगरच्या पेठेत गेला, की दोन राज्यांच्या दोन रुपयांमधील बट्टा त्याला तोंडपाठ असावाच लागे. तरी त्या शिक्क्यात निदान चांदी होती, त्याचा भाव चारचौघांना ठाऊक असे, आणि संस्थान विलीन झाल्यावरही तो एका रात्रीत रद्द न होता क्रमाक्रमाने चलनातून गेला. पॉइंटांत चांदी नाही, आणि त्यांचा भाव बदलण्यास कोणाच्या संमतीची गरजही नाही.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे पाच पॉइंट दिले असता चार मैल मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारण कार्डधारकास त्याच पाचांचे दोन मिळू लागले. मॅरियट हॉटेलांनी २०२२ साली खोल्यांचे पॉइंटांतील ठराविक दरपत्रकच मोडीत काढले आणि दर मागणीप्रमाणे चढउतार करू लागले. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची सदस्य-योजना निराळ्या कंपनीकडे असल्यामुळे मैल कागदावर शाबूत राहिले, पण ज्या विमानासाठी ते साठविले तेच उडेनासे झाले. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट महाराजा क्लबच्या खात्यावर वर्ग झाले, हे त्यातल्या त्यात सुदैव. तात्पर्य, हा ऐवज पुरून ठेवण्याचा नव्हे. बँकेतील ठेवीवर व्याज चढते, याच्यावर मात्र वर्षागणिक बट्टाच चढत जातो.

मोल काढण्याची रीत सोपी आहे. समजा, संभाजीनगर-मुंबई तिकीट रोखीने ६,५०० रुपयांना पडते आणि पॉइंटांत घेतल्यास ८,००० पॉइंट व करांपोटी १,५०० रुपये द्यावे लागतात. म्हणजे ५,००० रुपये वाचले आणि एका पॉइंटाचे साडेबासष्ट पैसे आले. तेच पॉइंट देऊन बाजारात दोन हजारांना मिळणारा मिक्सर पदरात घेतला, तर एका पॉइंटाचे पंचवीसच पैसे झाले. मात्र या हिशेबात एक मेख आहे, आणि पॉइंटांचे गोडवे गाणारे ती सहसा सांगत नाहीत. जो मनुष्य एरवी एस.टी.नेच मुंबईला जाणार होता, त्याचे पाच हजार वाचलेले नसतात. फार तर एस.टी.चे भाडे वाचलेले असते. न घेतलेल्या चैनीची किंमत बचतीच्या रकान्यात मांडणे, ही या व्यवहारातील सर्वांत गोड फसवणूक होय.

जे परदेशी जाणारच आहेत त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी सदस्यत्व घ्यावे; त्याला शुल्क पडत नाही. नाव पासपोर्टावर आहे तसेच्या तसे लिहावे, कारण आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचे नाव घातले की गाळले, एवढ्याशा फरकाने जमा अडून राहते. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये असल्याने लुफ्तान्सा किंवा युनायटेडच्या विमानाने गेलेल्यालाही, तिकिटाचा वर्ग पात्र असल्यास, आपले मैल तिच्याच खात्यात घेता येतात. पाच ठिकाणी चिल्लर साठविण्यापेक्षा हे बरे. मैल जमा झालेले दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये, कारण मागाहून दावा करण्यास मुदत असते आणि पुरावा म्हणून तोच कागद मागितला जातो. मॅरियटसारख्या ठिकाणी २४ महिने खात्यावर काहीच हालचाल झाली नाही, तर शिल्लक जप्त होते, हेही ध्यानात असावे.

राहिला प्रश्न क्रेडिट कार्डाचा. त्याच्या थकबाकीवरील व्याज सामान्यतः महिन्याला शेकडा साडेतीनच्या घरात जाते, आणि शेकड्याचा हा भाव म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. शंभर रुपयांच्या खर्चावर रुपया-दोन रुपयांचे पॉइंट मिळवून त्याच शंभरावर दरमहा साडेतीन रुपये भरणाऱ्याला दुसऱ्याच्या विमानप्रवासाचा खर्च उचलणारा दाता म्हणावे लागेल. म्हणून ज्याचे बिल दरमहा पूर्ण बेबाक होते, त्यानेच या वाटेला जावे. जे सहज जमेल ते गोळा करावे, आणि ठरलेल्या प्रवासाला पहिल्या संधीस खर्चून मोकळे व्हावे. इतरांनी रोखीचे स्वस्त तिकीट घ्यावे. त्यांना तेच अधिक लाभाचे ठरेल.

— किर्दनवीस